तार तर साजरी होती

गेल्या शुक्रवारी कॅन्टीनमध्ये जेवताना सुपरकंडक्टरचा विषय निघाला. आमच्या टीममधला एक उत्साही मुलगा मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होता. पांढरी वाफ, त्यात तरंगणारं लोहचुंबक वगैरे. म्हणाला, "सर, रेझिस्टन्स शून्य! अशी केबल टाकली की वीज वाया जाणं बंद. संपला विषय."

मी मान डोलावली, ताक संपवलं आणि जागेवर येऊन बसलो. पण दुपारभर डोक्यात एकच वाक्य घुमत राहिलं. ते माझ्या आजोबांचं होतं, १९९० सालचं, कोंढ्याचं.

कोंढा म्हणजे माझं आजोळ. भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. सगळा धानाचा मुलूख. मी तेव्हा पाचवीत होतो आणि पोळ्यासाठी आईबरोबर नागपूरहून गेलो होतो. रोवणी आटोपली होती, बांध्यांमध्ये पाणी साचलेलं होतं. आदल्या रात्री जोरदार गडगडाट झाला आणि "लाइन गेली" (आमच्याकडे लाइट जात नाही, लाइन जाते). पहाटे कधीतरी ती परत आली. सकाळी आजोबांचा गडी बैल घेऊन बांधावरून निघाला. बांधाला लागून विजेचा लोखंडी खांब होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर ढवळ्या बैल एकदम खाली बसला आणि उठलाच नाही. गडी दोन पावलं मागे होता म्हणून वाचला.

वायरमन आला, लाइन बंद केली, वर चढला. खाली उतरून त्यानं सांगितलं की खांबावरचा चिनी मातीचा कप तडकलाय. विजेच्या दणक्यानं असेल. केसाएवढी चीर, तिच्यात पावसाचं पाणी शिरलेलं. वीज त्या चिरेतून खांबात आणि खांबातून ओल्या जमिनीत उतरत होती.

आजोबा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "तार तं साजरी आहे ना बावा? तुटली नाही, लोंबली नाही. मंग बैल कायले मेला?"

वायरमनकडे उत्तर होतं, पण त्यानं ते दिलं नाही. पोळ्याला आठ दिवस असताना बैल गेलेल्या माणसाला काय उत्तर देणार?

तर मंडळी, आजचा लेख आजोबांच्या त्या प्रश्नाबद्दल आहे. पुढे इंजिनियरिंगला गेल्यावर कळलं की विजेचा दीडशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. आपण तो तारेचा इतिहास म्हणून वाचतो. तांबं, अ‍ॅल्युमिनियम, आता सुपरकंडक्टर. पण वीज किती लांब जाईल, किती जाईल आणि वाटेत कुणाचा जीव घेईल, हे बहुतेक वेळा तारेनं ठरवलेलं नाही. ते ठरवलंय तारेच्या भोवती किंवा खाली असलेल्या, विजेला "इथून नाही" असं सांगणाऱ्या वस्तूनं. म्हणजे इन्सुलेशननं. सॉफ्टवेअरमध्ये एरर हँडलिंगचं असतं ना, तसंच. डेमोमध्ये ते कुणी दाखवत नाही, आणि रात्री तीन वाजता फोन येतो तो मात्र त्याच्यामुळेच. :)

गंमत म्हणजे या इतिहासाचं एक पान आमच्याच भागात लिहिलं गेलंय. पळसाच्या झाडावर एक बारीकसा किडा वस्ती करतो. फांदीतला रस शोषतो आणि अंगातून राळेसारखा चिकट पदार्थ सोडतो. तीच लाख. किडे इतके असंख्य असतात की त्यावरूनच लाख हे नाव पडलं असं म्हणतात. पळस, बोर, कुसुम या झाडांवरची लाख जंगलाकाठची माणसं खरवडून आणायची आणि ती गोंदियाच्या कारखान्यांत जायची. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. आपल्याला लाख माहीत असते ती बांगड्यांची, नाहीतर सुताराच्या पॉलिशच्या लाखदाण्याची. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगात मोटारी आणि डायनॅमो बनायला लागले आणि त्यांच्या वेटोळ्यांना विजेपासून वाचवायला काहीतरी हवं होतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख तारांवर आणि कागदावर चढवायचे. अभ्रकाचे तुकडे लाखेनं चिकटवून तक्ते करायचे. आणि जगाची लाख पुरवणारा मुख्य देश होता भारत.

मागणी इतकी वाढली की लाख महाग झाली. मग अमेरिकेत स्थायिक झालेल्या लिओ बेकलंड नावाच्या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञानं लाखेला पर्याय शोधायचं मनावर घेतलं. त्यातून १९०७ साली बेकेलाइट निघालं, पहिलं संपूर्ण कृत्रिम प्लास्टिक. आजीच्या घरातले ते काळे गोल स्विच आठवतात? ते बेकेलाइटचे. म्हणजे प्लास्टिकचं युग सुरू झालं त्यामागे विजेला अडवणाऱ्या एका किड्याची टंचाई होती. आणि लाख खरवडणाऱ्या माणसाला आपण कशाच्या कामी आलो आणि का नकोसे झालो, हे कळायचं काहीच कारण नव्हतं.

लाखेच्याही आधी एक चीक होता, गटापर्चा. मलायाकडच्या झाडांचा. रबरासारखाच, पण समुद्राच्या पाण्यात टिकणारा. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तारायंत्राची केबल टाकली, तिच्या तांब्याभोवती हाच चीक होता. जल्लोष झाला. संदेश मात्र अगदी पुसट यायचे. मग व्हाइटहाउस नावाच्या अधिकाऱ्यानं सिग्नल सुधारावा म्हणून सुमारे २००० व्होल्टचा दाब लावला. तीन आठवड्यांत केबल मुकी झाली. तांबं साबूत होतं, चीक फुटला होता. (प्रॉडक्शनवर घाईनं पॅच मारणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.) त्यातून धडे घेऊन १८६६ ची केबल टिकली आणि १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानं मुंबईपासून टाकत नेलेली केबल एडनला पोचली. त्या वर्षी मुंबई लंडनशी समुद्रमार्गे जोडली गेली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वीज लांब न्यायला व्होल्टेज इतकं का वाढवावं लागतं? कारण तांब्याला रेझिस्टन्स आहे. करंट जाताना तार तापते आणि ही उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच पॉवर दहापट व्होल्टेजनं नेली तर करंट दहावा हिस्सा लागतो आणि त्याच तारेतला तोटा शंभरावा हिस्सा होतो. फायदा उघड आहे. पण व्होल्टेज वाढवलं की ताण कुणावर येतो? तारेवर नाही. तारेला व्होल्टेजचं सोयरसुतक नसतं. ताण येतो तो इन्सुलेशनवर. म्हणजे दोष तांब्याचा, आणि ओझं वाहायचं चिनी मातीनं, कागदानं, लाखेनं. शंभर-सव्वाशे वर्षं हाच व्यवहार चाललाय.

पहिलं मोठं ओझं उचललं कागदानं. लंडनमध्ये फेरांटी नावाच्या पंचविशीतल्या इंजिनियरनं डेप्टफर्डच्या वीजघरातून १०,००० व्होल्ट शहरात आणायचं ठरवलं. तेव्हा हा आकडा वेडेपणाचा वाटायचा. बाजारातली केबल टिकेना, म्हणून त्यानं स्वतःच बनवली. एकात एक दोन तांब्याच्या नळ्या आणि मध्ये मेणात भिजवलेला तपकिरी कागद, बस्स. सरकारी तपासणीच्या वेळी चालू केबलमध्ये छिन्नी ठोकून दाखवली आणि छिन्नी धरणाऱ्या सहकाऱ्याला काही झालं नाही, असं सांगतात. १८९१ च्या सुमारास चालू झालेल्या त्या केबलचे काही तुकडे १९३३ पर्यंत वापरात होते. मेणाचा कागद, चाळीस वर्षं!

पण कागदाची एक मर्यादा होती. कागदाची पट्टी तारेभोवती गुंडाळताना वेढ्यांमध्ये बारीक फटी राहतात. त्यात हवा अडकते. हवा कागदापेक्षा कमजोर, त्यामुळे व्होल्टेज वाढलं की आधी त्या पोकळीत बारीक ठिणग्या पडतात. बाहेरून काही दिसत नाही. आतून कागद कणाकणानं जळत जातो आणि काही महिन्यांनी नाहीतर वर्षांनी केबल फुटते. इटलीच्या पिरेली कंपनीतल्या लुइजी इमानुएली यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात यावर उपाय काढला: केबलमध्ये दाबाखाली पातळ तेल भरायचं, म्हणजे पोकळी उरतच नाही. १९२७ मध्ये अशा केबल न्यूयॉर्क आणि शिकागोत १,३२,००० व्होल्टवर चालू झाल्या. ही फट आणि पोकळीची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे परत येणार आहे.

आपल्याकडे हेच नाट्य उघड्यावर घडलं. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातली वीज सह्याद्रीच्या पायथ्यापासून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आली, लाखभर व्होल्टच्या वाहिनीवरून. त्या काळी हे मोठंच धाडस होतं. १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघे ही डीसी वाहिनी चालू झाली: ±५०० केव्ही, १५०० मेगावॉट, सुमारे ७५० किलोमीटर. कोळसा विदर्भात, मागणी पश्चिमेला, हे गणित सोडवायला. मग तिरोड्याचं वीजकेंद्र आलं आणि तिथून कोराडी, अकोला, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) अशी ७६५ केव्हीची वाहिनी. आता गाडीनं गावी जाताना तसले उंच मनोरे दिसले की मी तारांकडे बघत नाही. तार आणि मनोरा यांच्यामध्ये लटकलेल्या चकत्यांच्या माळांकडे बघतो. साडेसात लाखांहून जास्त व्होल्ट त्या माळांच्या भरवशावर आहेत.

आणि आता सुपरकंडक्टर. १९११ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला कामर्लिंग ऑनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा ४.२ केल्व्हिनपर्यंत थंड केला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअस, आणि त्याचा रेझिस्टन्स नाहीसा झाला. पण इतकं थंड करायला द्रव हीलियम लागतं, ते महाग. १९८६ मध्ये बेडनोर्ट्झ आणि म्युलर यांना चिनी मातीसारख्या ठिसूळ ऑक्साइडमध्ये जास्त तापमानाला तीच किमया सापडली. लगेच पुढच्या वर्षी ९३ केल्व्हिनवाला पदार्थ आला आणि जगभरच्या प्रयोगशाळांची झोप उडाली. आपली मुंबईची टीआयएफआरही या शोधात होती. १९९४ मध्ये तिथल्या गटाला यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात सुपरकंडक्टिव्हिटी सापडली, आणि त्यातून बोरोकार्बाइड नावाचं नवं घराणंच उघडलं.

९३ चा आकडा महत्त्वाचा का? कारण द्रव नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो. आणि द्रव नायट्रोजन स्वस्त आहे. किती स्वस्त? तर आमच्या गावाकडे तो गायीम्हशींच्या डॉक्टरांकडे असायचा. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. उरुळीकांचनच्या बायफसारख्या संस्थांनी हे तंत्र खेडोपाडी नेलं. लहानपणी मोटरसायकलच्या मागे बांधलेलं ते अ‍ॅल्युमिनियमचं गरगरीत भांडं मी पाहिलंय. झाकण उघडलं की पांढरी वाफ खाली सांडायची आणि आम्ही पोरं ओरडायचो. कॅन्टीनमधल्या त्या व्हिडिओतली वाफ हीच होती.

सुपरकंडक्टर केबल म्हणजे ढोबळमानानं एक किलोमीटरभर लांब थर्मास. बाहेर दुहेरी भिंतीची स्टीलची नळी, भिंतींमध्ये निर्वात पोकळी. आत वाहणारा द्रव नायट्रोजन आणि त्यात बुडालेल्या सुपरकंडक्टरच्या पातळ पट्ट्या. पट्ट्यांभोवती काय? तर गुंडाळलेला कागद! फेरांटीचा भाऊबंद. आता त्याला पॉलिप्रॉपिलिनचा पापुद्रा जोडलेला असतो, कागद-प्लास्टिक-कागद असं सँडविच, आणि फटींमध्ये तेलाऐवजी द्रव नायट्रोजन.

आजच्या साध्या केबलसारखं अखंड प्लास्टिक का नाही ओतत? कारण गारठा. खोलीच्या तापमानापासून ७७ केल्व्हिनपर्यंत गेलं की धातू साधारण ०.३ टक्के आकसतात, म्हणजे किलोमीटरमागे तीन मीटर. प्लास्टिक त्याहून कितीतरी जास्त आकसतं. जाड अखंड थर असेल तर तो तडकण्याची भीती. आमच्या खांबावरच्या कपासारखी केसाएवढी चीर पडली तरी खेळ खलास. पट्ट्यांचे वेढे मात्र एकमेकांवरून किंचित सरकतात आणि सांभाळून घेतात.

दुसरी भानगड उष्णतेची. एसी वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते आणि इन्सुलेशन प्रत्येक वेळी थोडंसं तापतं. साध्या केबलमध्ये याची कुणी फारशी फिकीर करत नाही. पण इथे ७७ केल्व्हिनच्या थंडीत तयार झालेली एक वॉट उष्णता बाहेर काढायला कूलिंग यंत्राला दहा ते वीस वॉट खर्चावे लागतात. तारेत तोटा शून्य, आणि तिच्याभोवतीच्या कागदाचं बिल चालूच! आणि व्होल्टेज दुप्पट केलं तर हा तोटा चौपट होतो. म्हणून ते सँडविच. नुसत्या कागदापेक्षा ते बरंच कमी तापतं.

तिसरी भानगड सगळ्यात जुनी. फट आणि पोकळी. द्रव नायट्रोजन स्वतः उत्तम विद्युतरोधक आहे, जवळजवळ ट्रान्सफॉर्मरच्या तेलाइतका. पण तो उकळला तर बुडबुडा होतो. बुडबुडा म्हणजे वायू, म्हणजे कमजोर जागा, म्हणजे ठिणगी. म्हणून नायट्रोजन दाबाखाली ठेवतात आणि उकळबिंदूच्या बराच खाली थंड करतात. फार खालीही जाता येत नाही, ६३ केल्व्हिनला तो गोठतो. आणि कुठे शॉर्टसर्किट झालं तर क्षणात प्रचंड करंट येतो, सुपरकंडक्टर आपला गुण सोडतो, तापतो आणि बुडबुडे नेमके सगळ्यात वाईट वेळी उठतात. इमानुएलींनी तेल भरून जी पोकळी घालवली होती, ती नायट्रोजनच्या रूपानं परत दारात उभी राहते.

हे सगळं सांभाळूनही केबल चालल्या, बरं का. २००८ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ६०० मीटरची केबल १३८ केव्हीला चालू झाली. २०२१ च्या शेवटी शांघायमध्ये भर शहरात १.२ किलोमीटरची, ३५ केव्हीची. पण मला सगळ्यात आवडते ती जर्मनीतल्या एसेनची, २०१४ ते २०२१ चाललेली. एक किलोमीटर, ४० मेगावॉट, आणि व्होल्टेज फक्त १० केव्ही! तेवढ्या पॉवरसाठी एरवी तिथे ११० केव्हीची केबल टाकली असती. सुपरकंडक्टरला करंट वाढल्याची भीती नाही, मग व्होल्टेज कशाला वाढवायचं?

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. शंभर वर्षांत पहिल्यांदा तारेनं आपला दोष स्वतः सावरला आणि इन्सुलेशनच्या डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं. १० केव्ही! फेरांटीचाच आकडा. आमच्या मित्राचं "रेझिस्टन्स शून्य" खरंच आहे, पण मला वाटतं त्याची खरी बक्षिसी वाचलेली युनिटं नव्हेत. इन्सुलेशनला पहिल्यांदाच थोडा श्वास घेता येतो, ती खरी.

अर्थात याची जागा दाट शहरांत, जिथे जमिनीखाली हातभर जागा मिळत नाही आणि नवं सबस्टेशन बांधायला प्लॉट नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, कारण बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या. त्यानंतर कुडूस ते आरे अशी १००० मेगावॉटची डीसी वाहिनी उभारायचं काम हाती घेतलं गेलं. ८० किलोमीटरपैकी सुमारे ५० किलोमीटर जमिनीखालून, साध्याच केबलनं. उद्या मुंबईच्या पोटात एखादा किलोमीटर नायट्रोजनचा थर्मास पुरला गेला तर मला आनंदच होईल.

कोंढ्याच्या बांधावर तो कधी येणार नाही. यायची गरजही नाही. तिथे लागतो तो न तडकलेला कप, आणि पावसाळ्याआधी खांबावर चढून तो बघणारा माणूस. स्वस्तातलं, जुनं, कंटाळवाणं काम.

आजोबा २००३ मध्ये गेले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं राहिलं, म्हणून इथे देतो. आबा, तार साजरीच होती. ती आपलं काम चोख करत होती, वीज पुढे नेत होती. बैल मेला तो तिला अडवणारा तडकला म्हणून. आणि बैलाचे पुढचे-मागचे पाय लांब लांब असतात, त्यामुळे जमिनीतली वीज एका पायातून वर चढून काळजावरून दुसऱ्या पायात उतरते. माणसापेक्षा त्याला धोका जास्त. चूक ना बैलाची, ना तुमची.

त्या वर्षी पोळ्याला आजोबांनी एकच बैल सजवला होता. दुसऱ्या बैलाची झूल घडी करून त्याच्याच पाठीवर ठेवली होती. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं.

असो. चहा गार झाला. सोमवारी त्या मुलाला खाऊ घालायला हवं काहीतरी, त्याच्यामुळे हा लेख झाला. आणि हो, घराबाहेरचा विजेचा खांब पावसात ओला असेल तर त्याला टेकून उभे राहू नका. तार कितीही साजरी दिसली तरी.